पाणी उकळले, तरी नायट्रेट राहिले

बाळासाठी पाणी उकळून घेतले की काळजी मिटली, असे आपल्या घरात अम्मी आणि नानी सांगत आल्या. रोगजंतूंपुरते ते खरे आहे. पण पाण्यात नायट्रेट असेल तर ते उकळून जात नाही. उलट वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

नायट्रेट येते कुठून? शेतातला जादा युरिया, शेणाचे ढीग, संडासाचे शोषखड्डे. अंबडला एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, भोवती दाट वस्ती, तर नाशिकच्या आसपास द्राक्ष-कांद्याची शेती. जमिनीत मुरलेले सारे शेवटी विहीर-बोअरला मिळते. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी दुधाच्या भुकटीत मिसळले, तर सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. ओठ-नखे निळसर दिसतात. अशा वेळी लगेच डॉक्टर गाठावा.

या नायट्रेटवर जगणारे जिवाणू मातीतच असतात. त्यांतला एक, पॅराकॉकस डीनायट्रिफिकन्स, नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी 1910 च्या सुमारास मातीतून वेगळा केला. हवा असेल तोवर तो आपल्यासारखाच प्राणवायू घेतो. हवा संपली की तो श्वासाची नवी प्रथिने तयार करतो आणि नायट्रेटवर श्वास चालवतो. काम चार पायऱ्यांनी होते आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन वायू उरतो.

पण प्रत्येक पायरीचे प्रथिन वेगळे आणि त्याला लागणारा धातूही ठरलेला. पहिल्याला मॉलिब्डेनम, शेवटच्याला तांबे. तांबे कमी पडले किंवा आम्ल वाढले, की शेवटची पायरी अडते. मग नायट्रस ऑक्साइड हवेत सुटतो. वजनास वजन धरले, तर शंभर वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरतो. तांबे फार झाले तरी जिवाणू मरतात. म्हणूनच मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांचे पाणी शुद्ध न करता नाल्यात सोडणे घातक आहे.

आपल्या हाती काय? बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेऊ. शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवू. संडासात ॲसिड-फिनेल मोजकेच वापरू, कारण टाकीतले जिवाणूही त्यानेच मरतात. युरिया मापाने देऊ. आणि पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच पाजू, वरचे पाणीसुद्धा नको.

डोळ्यांना न दिसणारा हा सफाईवाला पगार मागत नाही. त्याला जगण्याजोगी जागा तेवढी आपण ठेवायची.