काही न शोधता बघणं

आज बचत, कर्ज, व्याज यातलं काहीच नाही. आज एका चित्राबद्दल बोलायचंय. लगेच रेडिओचा कान पिळू नका, पाच-सात मिनिटंच घेऊ.

मागच्या हिवाळ्यात विठ्ठलवाडीच्या आमच्या गटातल्या अकरा जणी मुंबईचं म्युझियम बघायला गेलो. विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणच्या पुढचं स्टेशन. तिथून लोकलनं सीएसएमटी, आणि पुढे बसनं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनी माणसं त्याला अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. मूर्ती बघितल्या, तलवारी बघितल्या, पेंढा भरलेले प्राणी बघितले. मग वरच्या मजल्यावर जहांगीर निकल्सन यांनी जमवलेल्या नव्या काळातल्या चित्रांच्या दालनात शिरलो.

तिथं एक उंच चित्र होतं. हिरवट, मधेच पिवळसर, काही ठिकाणी काळपट. झाड नाही, माणूस नाही, देव नाही. खाली चित्रकाराचं नाव होतं, वासुदेव गायतोंडे. चित्राला मात्र नाव नव्हतं. आमच्यातली एक हळूच म्हणाली, "पावसात आमच्या मोरीची भिंत अशीच होते." सगळ्या तोंडाला पदर लावून हसलो आणि पुढे गेलो. अर्धा मिनिटही थांबलो नसू.

एक मावशी तेवढ्या मागे राहिल्या. चित्राची आवड वगैरे काही नाही, गुडघे दुखायला लागले म्हणून समोरच्या बाकड्यावर टेकल्या. वीसेक मिनिटांनी आम्ही त्यांना शोधत परत आलो, तर त्या तशाच बसलेल्या. म्हणाल्या, "बसा गं. हे निवळायला लागलंय."

पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ येतं. आपण ते हंड्यात भरून ठेवतो, हलवत नाही. गाळ खाली बसतो आणि पाणी आपोआप वर निवळतं. मावशींना तेच म्हणायचं होतं. आम्हीही बसलो. सुरुवातीला नुसता हिरवा रंग. मग त्या हिरव्याखाली दुसरा, उजळ रंग दिसायला लागला, आतून दिवा लावल्यासारखा. काही ठिकाणी फाटक्या कागदाच्या कडेसारख्या खुणा दिसल्या. कुणाला श्रावणातलं शेवाळलेलं तळं आठवलं, कुणाला काहीच आठवलं नाही. पण उठायची घाई कुणालाच नव्हती, आणि आमच्या गटात ही गोष्ट नवलाचीच!

परत आल्यावर या माणसाची माहिती काढली. गायतोंडे मूळ गोव्याकडच्या घरातले. जन्म १९२४ चा, नागपूरचा. गिरगावातल्या चाळीत वाढले आणि १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडले. १९६४ मध्ये शिष्यवृत्ती मिळून न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे दिल्लीत निजामुद्दीन भागात एका लहानशा जागेत एकटे राहिले. २००१ मध्ये वारले. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलंही त्यांना फारसं पटत नसे. अमूर्त म्हणजे आधी काहीतरी वस्तू होती आणि मग तिचा आकार पुसत नेला. त्यांचं म्हणणं, माझ्या चित्रात मुळात वस्तूच नाही. मग त्यात ती शोधायची कशाला?

वर्षाला त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. बाकीचा वेळ बसणं, बघणं, विचार करणं. ब्रशपेक्षा रोलर आणि रंगाची पाती जास्त वापरायचे. रंगाचा एक थर द्यायचा, तो थोडा काढायचा, त्यावर दुसरा द्यायचा. मासिकाच्या, वर्तमानपत्राच्या कागदाचे तुकडे फाडून त्यांनी रंग उचलायचा किंवा उमटवायचा. आम्हाला दिसल्या त्या कागदाच्या कडा या अशा. घर सारवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पहिला हात वाळल्यावरच दुसरा फिरवायचा, आणि खालचा हात वरच्यातून थोडा डोकावतोच. १९८४ मध्ये त्यांना मोठा अपघात झाला. नंतर कितीतरी वर्षं मोठं चित्र करता आलं नाही, तेव्हा कागदावर छोटी छोटी रेखाटनं करत राहिले.

हे सगळं बैठकीत सांगितलं आणि वाद सुरू झाला. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींच्या वर किंमत आली, हे ऐकल्यावर तर फारच. तेव्हा ते हयात नव्हते, हेही सांगितलं. आम्हाला विचाराल तर किमतीचं सोडून द्या. त्या आकड्यानं चित्र कळत नाही, उलट डोळ्यांपुढे आकडाच नाचत राहतो.

पण एकीनं विचारलेला प्रश्न खरा होता. "एकटा जीव होता. त्याला बसायला वेळ होता. माझं दूध गॅसवर असतं, मी कधी बघत बसू?"

याला आमच्याकडे सरळ उत्तर नव्हतं. आजही नाही. बाईला निवांत बसू न देणारं घर एका चित्रानं बदलत नाही. त्या दिवशी दुसरीच एक गोष्ट लक्षात आली. आपण दिवसभर बघतच असतो, पण सगळं बघणं चूक शोधायला. तांदळातला खडा, कॉलरवरचा डाग, वहीतली बेरीज, मुलाच्या कपाळाचा ताप. या नजरेवरच घर चालतं, तिला नावं ठेवायची नाहीत. पण काही निवडायचं नाही, काही पुसायचं नाही, असं आपण शेवटचं कधी बघितलं? अकरा जणींत एकीलाही सांगता आलं नाही. एक जण म्हणाली, "बाळंतपणात, बाळाकडे." तिचं बाळ आता अठरा वर्षांचं आहे.

तेव्हापासून महिन्याच्या बैठकीत रजिस्टर उघडायच्या आधी पाच मिनिटं आम्ही एकाच गोष्टीकडे बघतो. एकदा भिंतीवरची ओल, एकदा पितळेचा जुना तांब्या. बोलायचं नाही, मोबाईल पिशवीत. पहिल्या दोन वेळा कुणाला हसू आवरेना. वसुली काही यानं वाढलेली नाही, खोटं कशाला सांगा! पण या पाच मिनिटांना उशिरा येणारी लवकर यायला लागली आहे.

तुमच्या गटाला मुंबईला जायचं असेल तर आधी चौकशी करा, कारण दालनातली चित्रं बदलत असतात. आणि चार दालनं कमी बघितली तरी चालतील, एका चित्रासमोर बसायला वेळ ठेवा. आमच्या मावशींना परत जायचंय. गुडघ्याला आता औषधानं उतार आहे, पण बाकड्यावर पहिली जागा माझीच, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.