गेलेली नोकरी व राहिलेला माणूस

सुशिक्षित घरांत मुलाच्या यशाचें मोजमाप बहुधा हुद्दा व पगार या दोनच गोष्टींनीं होतें. हें माप इतकें अंगवळणी पडलेलें असतें, कीं नोकरी सुटली म्हणजे नुसती प्राप्ति थांबली असें न वाटतां माणूसच उणा झाला असें वाटूं लागतें. 'सध्यां काय करतां?' हा शेजाऱ्याचा साधा प्रश्नही मग जिव्हारीं लागतो.

एकोणिसाव्या शतकांत हिंदी तरुणाला सिव्हिल सर्व्हिसपेक्षां मोठें यश ठाऊक नव्हतें. १८६९ सालीं सुरेंद्रनाथ बॅनर्जी ती परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु वयाच्या वादावरून त्यांचें व मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर यांचें नांव यादींतून काढण्यांत आलें. आपल्याकडे तेव्हां चालू वर्ष धरून वय सांगत, एवढाच काय तो घोळ! हक्क परत मिळवून सुरेंद्रनाथ १८७१ मध्यें सिल्हेटला असिस्टंट मॅजिस्ट्रेट झाले, आणि १८७४ मध्यें एका खटल्याच्या कागदपत्रांतील चुकीवरून बडतर्फ झाले. दरमहा पन्नास रुपयांची तनखा तेवढी हातीं आली. चूक घडली होती हें खरें. पण शिक्षा तिच्या मानानें फारच जबर होती.

विलायतेस जाऊन मागितलेली दाद व्यर्थ गेली. बॅरिस्टरीची वाटही त्याच डागामुळें बंद झाली. तथापि लंडनमधील त्या रिकाम्या वर्षांत त्यांनीं कसून अभ्यास केला, आणि आपल्यावरील अन्याय हा एकट्याचा नसून साऱ्या देशाच्या दुबळेपणाचा एक नमुना आहे, असें त्यांना दिसूं लागलें. दुःख नाहींसें झालें नाहीं. त्याचा अर्थ बदलला.

१८७५ सालीं ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं त्यांना आपल्या मेट्रोपॉलिटन संस्थेंत इंग्रजीचे प्राध्यापक नेमलें. पगार दोनशें रुपये. मॅजिस्ट्रेटचा अधिकार नाहीं, पट्टेवाला नाहीं. समोर फक्त विद्यार्थी. हेंच काम पुढें त्यांनीं सदतीस वर्षें केलें.

कोल्ह्याला द्राक्षें आंबट, अशांतला हा प्रकार नव्हे. सिव्हिल सर्व्हिसची वयोमर्यादा एकविसावरून एकोणिसावर आणली गेली, तेव्हां तिच्या विरुद्ध लोकमत जागें करण्यासाठीं १८७७ सालीं उत्तर हिंदुस्थानभर हिंडले ते हेच बडतर्फ सुरेंद्रनाथ. ज्या दारांतून त्यांना स्वतःला बाहेर काढलें होतें, तें इतरांसाठीं उघडें रहावें म्हणून! १८९५ सालीं पुण्यास राष्ट्रीय सभा भरली, तेव्हां अध्यक्षस्थानीं तेच होते.