अंगवळणी पडलेलें नुकसान

शेतकऱ्याचें नुकसान दोन प्रकारचें असतें. एक गारपिटीसारखें एका दिवसांत येतें. त्याची हाकाटी गांवभर होते व पंचनामाही होतो. दुसरें दरसाल थोडथोडें होतें, आणि म्हणूनच तें दिसेनासें होतें. “रोज मरे त्याला कोण रडे” ही म्हण या दुसऱ्या नुकसानीस तंतोतंत लागू पडते.

पानशेतकडील भातखाचरांचें उदाहरण घेऊं. आषाढांत पाऊस कोसळूं लागला कीं बांध फुटतो. दगड रचून तो कसाबसा बुजवितात. पुढील सालीं तो तेथेंच फुटतो. लावणीनंतर युरिया पाण्यांत फेकतात; मागून जोराची सर आली कीं त्याचा बराच अंश ओढ्याला जातो. रोपें हाताला येतील तशीं लावतात. एका चुडांत कधीं तीन, तर कधीं दहा. विचारावें तर उत्तर ठरलेलें: “आमच्याकडे असेंच चालतें.” पुढें एक दिवस मुलगा म्हणतो कीं शेतींत कांहीं राम नाहीं, आणि पुण्याची वाट धरतो. त्याचा हिशेब चुकीचा नसतो. आपणच तो कधीं मांडलेला नसतो.

खचणारी माती थांबत नाहीं, हें पानशेतच्या लोकांस सांगावयास नको. आंबी नदीवरील धरणाचें काम पुरें होण्यापूर्वींच त्यांत पाणी सांठलें, आणि पाणी सोडण्याच्या नळावरील भराव खचूं लागला. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं, त्यामुळें धरण कांहीं तास अधिक तगलें. परंतु १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं तें फुटलें व पुण्यांत हाहाकार उडाला. मदत प्राणपणानें आली. पण ती अखेरच्या रात्रीं आली.

मदत वेळेवर मागितल्यास काय होतें, याचेंही उदाहरण जवळच आहे. आंबेमोहर भात वासाला उत्तम, पण उंच वाढून आडवा पडणारा व उताऱ्यास कमी. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या सोसला गेला. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून काढलेला इंद्रायणी हा वाण १९८७ सालीं आला, आणि आज मावळांत तो घरोघर आहे. तसेंच डॉ. नारायण सावंत यांचें चारसूत्री तंत्र. रोपवाटिकेंत भाताच्या तुसाची राख मिसळावी. चिखलणींत गिरिपुष्पाचा पाला गाडावा. दोन-तीन रोपांचे चूड आळीपाळीनें १५ व २५ सेंटिमीटर अंतरावर दोरीनें लावावे. आणि लावणीच्याच दिवशीं चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचावी. खत मातींत राहतें, ओढ्याला जात नाहीं.

मग विचारण्यास आपण कां कचरतों? “चार पिढ्या शेत केलें, आतां आम्हांस कोण शिकविणार?” हा अभिमान आड येतो. पण बैल लंगडला असतां आपण गुरांच्या डॉक्टरास बोलावतोंच ना? त्यांत कमीपणा वाटत नाहीं, मग जमीन लंगडली असतां कां वाटावा? शिवाय घरच्या माणसाच्या नजरेस रोजची गोष्ट दिसत नाहीं. ती बाहेरच्यास बांधावर उभें राहतांच दिसते.

मात्र बाहेरच्याचा शब्दही डोळे मिटून घेऊं नये. आपल्या खाचराचें पाणी आपणांसच ठाऊक असतें. यासाठीं एक साधा क्रम सुचवितों. दिवाळीनंतर भात झोडून झाला कीं वहींत तीनच गोष्टी लिहाव्या, ज्या आपण “चालायचेंच” म्हणून सोडल्या; प्रत्येकीसमोर गेल्या सालचे रुपये मांडावे. सर्वांत मोठी रक्कम जिच्यासमोर असेल, ती एक गोष्ट व मातीचा नमुना घेऊन कृषि सहायकाकडे जावें. मिळालेला सल्ला पहिल्या वर्षीं दोन गुंठ्यांवरच करून पाहावा, शेजारीं जुनी पद्धत ठेवावी, आणि दोन्हींकडील भात वेगवेगळा मोजावा. खरें काय तें माप सांगेल.

सोसणें हा शेतकऱ्याचा मोठा गुण आहे. पाऊस सोसावा, ऊन सोसावें. फुटका बांध मात्र सोसूं नये.