तुंग कुठून दिसावा?

पवना धरणाचा उत्तर काठ, लोहगडाच्या पायथ्याजवळचा दोन एकरांचा उतार. मालक मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले ते नोव्हेंबरात, संध्याकाळी पाचच्या सुमारास. समोर पाणी, डावीकडे आग्नेयेला तिकोना, उजवीकडे नैर्ऋत्येला तुंगचा सुळका आणि त्याच्या खांद्याशी टेकत आलेला सूर्य. "मॅडम, ही अख्खी बाजू काचेची," ते म्हणाले. "पैसे जमिनीचे नाही, ह्याचे दिलेत."

मी लगेच हो म्हटलं नाही. २००९ मध्ये मुळशीकडे एका घराला मी अशीच अठ्ठावीस फुटांची काच लावली होती. दुसऱ्या वर्षी एप्रिलात चार वाजता तिथे गेले, तर सगळे पडदे ओढलेले, एसी चालू आणि घरातली माणसं दिवे लावून बसलेली. पावसाळ्यात सरकत्या दारांच्या खोबणीतून पाणी आत येई, म्हणून पायपुसणी आणि जुन्या चादरी कायमच्या तिथेच पडलेल्या. ज्या दृश्यासाठी ते घर बांधलं, त्याच्याकडे दिवसातून जेमतेम तासभर बघता येत होतं. ती चूक माझी होती आणि ती मला आजही टोचते.

म्हणून ह्या वेळी मी पुढचा पावसाळा सरेपर्यंतची मुदत मागितली. एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन दर ऋतूत त्या उतारावर जाऊन बसले. आपल्या अक्षांशावर सूर्य डिसेंबरात पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे तुंगशेजारचा तो सूर्यास्त फक्त हिवाळ्याचा पाहुणा. मे महिन्यात पाणी मागे हटतं, भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि एरवी पाण्याखाली असणारं वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं. आणि जुलैत? जुलैत छत्री धरून तासभर उभी राहिले. तुंग नाही, तिकोना नाही, पाणीसुद्धा नाही. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून आडवा पाऊस येत होता, तोही नेमका तुंगच्या दिशेनं.

परत येताना वाडीतली जुनी घरं बघितली. त्या बाजूच्या भिंतीत खिडकी नाही किंवा असलीच तर हातभर. पावसाळ्याआधी त्या भिंतीला गवताचे झाप बांधतात. गावानं ज्या दिशेला पाठ केली होती, त्याच दिशेला आम्ही काच लावायला निघालो होतो.

दृश्य म्हणजे काय, हे मला खरं उमगलं ते श्रीलंकेत, बेन्टोटाजवळच्या लुनुगंगा इथे. वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी रबराचा जुना मळा घेतला आणि २००३ मध्ये जाईपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षं, त्यावर काम केलं. घराच्या दक्षिणेला एक टेकडी आहे. तिच्यापलीकडचा तलाव आणि दूरचा स्तूप घरातून दिसावा, म्हणून त्यांनी टेकडीचा माथा खाली उतरवला. मध्ये रस्ता जातो, तो खोल चरातून नेला, त्यामुळे हिरवळ सलग वाटते. चाफ्याच्या फांद्या हव्या तशा पसराव्यात म्हणून त्यांना वजनं टांगली. आणि टेकडीवर एका झाडाखाली मातीचा एक मोठा रांजण ठेवला. त्या रांजणापाशी मी किती वेळ थांबले, सांगता येणार नाही. नजर आधी तिथे टेकते, मग पाण्यावर जाते, मग स्तूपावर. रांजण काढला, तर स्तूप एक ठिपका उरेल. दूरचं दिसण्यासाठी मध्ये काहीतरी लागतं, हे मला कुठल्याही पुस्तकानं इतकं नीट सांगितलं नव्हतं.

अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांनी १९३० च्या दशकात 'फॉलिंगवॉटर' बांधलं. तिथे मालकांना धबधबा समोर दिसेल असं घर अपेक्षित होतं. राइटनी घर धबधब्याच्या डोक्यावरच बसवलं. पाण्याचा आवाज घरभर, धबधबा नीट बघायचा तर मात्र बाहेर पडून खाली चालत जायचं. आणि आपल्या अलिबागजवळ नांदगावला बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं २००७ मध्ये पूर्ण केलेल्या पामायरा हाउसला ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा आहेत. नारळीची वाडी आणि समुद्र त्यांतून गाळून येतात. अतिशय श्रीमंत घरं आहेत ही, पण सगळं एकदम समोर मांडत नाहीत.

पवनेच्या घरात रस्ता वरून येतो. तिथे काळ्या दगडाची सलग भिंत आणि एक दार. आत गेल्यावर चौक, त्यात सोनचाफा, चारही बाजूंनी उतरती कौलं. इथून डोंगर अजिबात दिसत नाही. मालकांचा ह्यालाच सर्वांत जास्त विरोध होता. पुढे एक बुटका बोळ, आणि मग बारा फूट खोल पडवी, जिथे पाणी आणि तुंग समोर येतात. तिकोना तिथून दिसतच नाही. तो निजण्याच्या खोलीतून सकाळी भेटतो. काच आहे, पण पडवीच्या मागे. पागोळीची कड जमिनीपासून सातच फुटांवर आणली, त्यामुळे झड काचेपर्यंत क्वचित पोचते. शिवाय उन्हाळ्यातलं पांढरं, डोळे दिपवणारं आकाश वरून कापलं जातं. आपल्याकडे नजरेला त्रास होतो तो बहुतेक त्या आकाशाचाच.

कठड्याचं गणित सगळ्यांत किचकट. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात आणि कठडा साडेतीन फुटांचा. कठड्यावरून सुळका दिसतो, पण पाणी खालच्या पातळीवर असतं, ते नेमकं आडोशाला जातं. काचेचा कठडा लावला, तर पावसाळाभर त्यावर पाण्याचे ओघळ आणि उन्हाळाभर धूळ. आम्ही पडवीपुढे बसायला येतील अशा दोन रुंद पायऱ्या केल्या, तीन फूट खाली गवताचा पट्टा, आणि त्याच्या टोकाला शेताला घालतात तशी दगडी ताल. कठडा त्या खालच्या टोकाला गेला आणि नजरेतून उतरला. उतार पोकलेननं कापून सपाट करायचा नाही, ही माझी अट होती. मावळातले डोंगर असे कापलेले बघवत नाहीत, आणि जोराच्या पावसात कापलेला उतार काय करतो हे पुणे जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको.

रात्री आणखी एक प्रश्न येतो. आत दिवे, बाहेर काळोख, की काचेचा आरसा होतो आणि तुंगऐवजी आपलाच चेहरा दिसतो. म्हणून छताला दिवेच दिले नाहीत. सगळे गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीकडे तोंड केलेले. पलीकडच्या काठावरच्या वाड्यांनाही रात्री ह्या घराचा झगझगाट सोसावा लागत नाही.

पहिल्या जुलैत मालकांचा फोन आला. तीन आठवडे तुंग दिसला नव्हता. मला वाटलं, तक्रार असणार. "आम्ही चौकातच असतो," ते म्हणाले. कौलांवरून पडणाऱ्या धारा, दगडी पन्हळीतून वाहणारं पाणी, चाफ्याच्या पानांवरचे थेंब. लांबचं मिटलं की जवळचं हवं. चौक त्यासाठीच होता.

स्वयंपाकघराला पाण्याकडे पाच फूट रुंद खिडकी आहे, ओट्याच्या बरोबर समोर. तिथे दिवसभर उभं राहायचं असतं ते वाडीतल्या मावशींना; त्या साठीच्या पुढच्या आहेत. गेल्या मे महिन्यात गेले, तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. पाणी खूप खाली गेलं होतं. लाटणं तसंच हातात धरून त्यांनी गाळातल्या एका उंचवट्याकडे दाखवलं.

"ताई, तो बांध दिसतो का? त्याच्या अलीकडं आमचं भातखाचर होतं."

मी खिडकीपाशी गेले. त्या उभ्या होत्या तिथूनच तो नीट दिसत होता.