चुन्याखालचे चित्र

इंग्लंडमध्ये लंडनच्या दक्षिणेस, सरे परगण्यात, चॉल्डन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील जुने चर्च बाहेरून साधेच दिसते; परंतु आत जाऊन पश्चिमेकडील भिंतीकडे पाहिले, की पाहणारा थबकून उभा राहतो. सुमारे १७ फूट रुंद व ११ फूट उंच असे एक चित्र त्या भिंतीवर आहे. ते इ. स. १२०० च्या सुमारास काढलेले आहे.

त्या काळी बहुतेक खेडुतांना अक्षरओळख नव्हती. ग्रंथ हाताने लिहिले जात, म्हणून ते दुर्मिळ असत. प्रार्थना तर लॅटिन भाषेत होई. पोथीतले जे कानांना कळत नसे, ते भिंत डोळ्यांना सांगे.

चित्राच्या मध्यभागी एक उंच शिडी आहे. तिच्यावरून माणसांचे आत्मे वर चढत आहेत. काही खाली कोसळत आहेत. वर एक देवदूत तराजूत आत्मे तोलत आहे आणि सैतान पारडे हळूच आपल्याकडे ओढू पाहत आहे! खाली नरक आहे. तेथे राक्षसांनी एका मोठ्या कढईत पापी लोकांना टाकले आहे. दुसरीकडे खिळ्यांच्या पुलावरून काही माणसे चालली आहेत. ते लबाडी करणारे कारागीर असावेत, असे जाणकार मानतात. पुलाखाली एक सावकार ज्वाळांत बसला आहे. त्याच्या अंगावर पैशांच्या पिशव्या आहेत आणि तोंडातून नाणी गळत आहेत. गावात कोणी खोटे माप देणारा असलाच, तर दर रविवारी या भिंतीसमोर उभे राहणे त्याला जडच गेले असेल.

एवढ्या मोठ्या चित्राला रंग मात्र मोजकेच लागले. ते मुख्यत्वे गेरूचा तांबडा आणि पिवळ्या मातीचा पिवळा.

पुढे इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेची लाट आली. चर्चमधील मूर्ती व चित्रे नाहीशी करावीत, असा राजाज्ञेने १५४७ साली हुकूम निघाला. गावोगावच्या भिंतींवर चुना फासला गेला. चॉल्डनचे चित्रही चुन्याखाली गेले. गंमत अशी, की ज्या चुन्याने ते पुसावयाचे, त्यानेच ते राखले.

मात्र चुना निघाला म्हणजे चित्र वाचलेच, असे नसे. यॉर्कशायरमधील पिकरिंग येथे १८५२ साली अशीच चित्रे उघडी झाली. पण ती पाहून लोकांचे लक्ष उपासनेवरून उडेल, असे वाटून तेथील धर्मगुरूने त्यांवर पुन्हा चुना देवविला! चॉल्डनचा धर्मगुरू वेगळा निघाला. १८६९ साली चर्चची रंगरंगोटी चालू असता त्याला भिंतीवर रंगाच्या खुणा दिसल्या. त्याने तत्काळ काम थांबविले. मग चुना काढून भिंत स्वच्छ करण्यात आली आणि शिडी, तराजू व नाणी ओकणारा तो सावकार पुन्हा गावकऱ्यांसमोर आले.