चालीवाचून बोलणारं संगीत : बर्नार्ड हर्मन

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'मधली (1960) मॅरियन क्रेन आठवून पाहा. मालकाने बँकेत भरायला दिलेले 40 हजार डॉलर घेऊन ती शहराबाहेर निघाली आहे. पडद्यावर दिसतं ते एवढंच : गाडी चालवणारी तरुणी, समोरून येणारे दिवे, काचेवर कोसळणारा पाऊस. मध्येच तिच्या मनात ऑफिसातल्या माणसांचे आवाज उमटतात. कुणी पाठलाग करत नाही, कुणी धमकावत नाही. तरीही आपला जीव टांगणीला लागतो, कारण तंतुवाद्यांचे तुटक, धावते स्वर क्षणभरही विसावत नाहीत. हा आवाज बंद करून तोच प्रसंग पाहिला, तर उरते फक्त प्रवासाला निघालेली एक बाई.

हे संगीत बर्नार्ड हर्मनचं. पार्श्वसंगीताने दृश्याची री ओढायची नसते, दृश्याला जे सांगता येत नाही ते सांगायचं असतं, हा आग्रह त्याने आयुष्यभर धरला. त्यासाठी हॉलिवूडमधल्या अनेक रूढ पद्धती त्याने मोडल्या आणि त्याची किंमतही मोजली.

रेडिओची शाळा

हर्मनचा जन्म 29 जून 1911 रोजी न्यूयॉर्कमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. ज्युलियर्डमध्ये संगीत शिकून 1934 मध्ये तो सीबीएस या रेडिओ कंपनीत दाखल झाला. तिथे वाद्यवृंदाचं संचालन करताना त्याने चार्ल्स आइव्हजसारख्या तोवर दुर्लक्षित राहिलेल्या अमेरिकन संगीतकाराचा हिरिरीने पुरस्कार केला.

त्याची खरी घडण मात्र रेडिओनाट्यांनी केली. रेडिओवर नेपथ्य नसतं, चेहरे नसतात. श्रोत्याला घरातून रस्त्यावर, आजमधून वीस वर्षं मागे न्यायला हाती असतात ती संगीताची काही सेकंदं. तेवढ्यात लांबलचक चाल मावत नाही. दोन-चार स्वरांचा तुकडा आणि नेमक्या वाद्याचा आवाज यांवरच काम भागवावं लागतं. ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरसाठी हर्मनने हेच केलं. 30 ऑक्टोबर 1938 रोजी गाजलेल्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'च्या प्रसारणातही वाद्यवृंदाची सूत्रं त्याच्याकडेच होती.

वेल्स हॉलिवूडला गेला, तेव्हा हर्मनलाही घेऊन गेला. तिथे तेव्हा मॅक्स स्टायनर आणि एरिक कॉर्नगोल्ड या व्हिएन्नाहून आलेल्या संगीतकारांची छाप होती. त्यांच्या संगीतात लांब पल्ल्याच्या सुरेल धून असत, प्रत्येक प्रमुख पात्राला आपली ओळखीची चाल असे. संगीतकाराने धून रचायची आणि कोणत्या वाद्याने काय वाजवायचं हे दुसऱ्याने लिहायचं, अशी स्टुडिओत विभागणी होती. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी जे काम केलं, ते तिथे ऑर्केस्ट्रेटर करत. हर्मनला ही वाटणी मान्य नव्हती. वाद्याचा रंग हाच त्याच्या रचनेचा गाभा असल्याने प्रत्येक वाद्याची ओळ तो स्वतः लिहीत असे.

'सिटिझन केन'

'सिटिझन केन' (1941) हा त्याचा पहिलाच चित्रपट. केनच्या निर्जन महालाजवळ कॅमेरा सरकू लागतो, तेव्हा खर्जातली फुंकवाद्यं मोजक्या स्वरांचा एक जड तुकडा वाजवतात. तो तुकडा केनच्या सत्तेचा. पुढे तो नाना रूपांत भेटत राहतो. केन आणि त्याची पहिली पत्नी यांचा न्याहारीच्या टेबलावरचा प्रसंग तर प्रत्येक संगीतप्रेमीने कान देऊन पाहावा असा आहे. काही मिनिटांत एक संसार उसवत जातो. सुरुवातीला लाडिक वॉल्ट्झ वाजतो, मग प्रत्येक छोट्या दृश्यासोबत त्याच धुनेचा पुढचा अवतार येतो, अधिकाधिक कोरडा होत जाणारा. शेवटी नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे होतात, तोवर वॉल्ट्झमधला गोडवा पार आटलेला असतो.

त्याच वर्षीच्या 'ऑल दॅट मनी कॅन बाय'साठी हर्मनला ऑस्कर मिळालं. तेच त्याचं पहिलं आणि अखेरचं ऑस्कर. पुढच्या वर्षी वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'वर स्टुडिओने कात्री चालवली, त्यात संगीताचाही मोठा भाग गेला. हर्मनने श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव काढायला लावलं.

दर चित्रपटाला वेगळा मेळ

स्टुडिओच्या वाद्यवृंदाचा ठरलेला साचा त्याने कधी जुमानला नाही. 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'मध्ये (1951) परग्रहावरच्या पाहुण्यासाठी त्याने दोन थेरेमिन वापरली. हात न लावता, हवेतल्या हालचालीने वाजणारं हे विजेवरचं वाद्य आजही विज्ञानपटांची खूण मानलं जातं. 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ'मध्ये (1959) तंतुवाद्यांचा ताफा वगळून त्याने पाच ऑर्गन एकत्र आणले. पृथ्वीच्या पोटातली खोली त्याला खर्जाच्या त्या घुमाऱ्यात सापडली.

हिचकॉकबरोबरची दहा वर्षं

1955 ते 1964 या काळात हर्मनने हिचकॉकच्या सात चित्रपटांना संगीत दिलं. 'द बर्ड्स'मध्ये (1963) तर पार्श्वसंगीतच नव्हतं. तिथे पक्ष्यांच्या आवाजांसाठी तो सल्लागार होता.

'व्हर्टिगो'च्या (1958) नामावलीत पडद्यावर गरगरणारी वलयं दिसतात आणि स्वरांच्या दोन ओळी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चढत-उतरत राहतात. षड्जावर येऊन टेकावं, ही कानाची अपेक्षा पुरी होतच नाही. पुढे नायक स्कॉटी हा मॅडलिनच्या मागावर सॅन फ्रान्सिस्कोभर हिंडतो. त्या दीर्घ, जवळजवळ संवादहीन भागात त्याच्या ओढीची सगळी कथा संगीतच सांगतं.

'सायको'साठी हर्मनने फक्त तंतुवाद्यं घेतली. कृष्णधवल चित्राला त्याला एकाच रंगाचा आवाज हवा होता. इथे आपल्या कानांसाठी एक गंमत आहे. नामावलीच्या आरंभी आदळणाऱ्या स्वरमेळात षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद आहेत. पटदीपात हेच स्वर एकामागून एक येतात आणि मनाला हुरहुर लावतात. हर्मन ते एकदम आणि जोराने छेडतो, तेव्हा त्यांचं भांडण ऐकू येतं. स्नानगृहातल्या खुनाच्या प्रसंगाला हिचकॉकला मुळात संगीतच नको होतं. हर्मनने तरीही ते लिहिलं, ऐकवलं आणि दिग्दर्शकाने आपलं मत बदललं. व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या आज चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक आहेत.

'टॉर्न कर्टन'च्या (1966) वेळी मात्र उलट घडलं. स्टुडिओला बाजारात खपेल असं लोकप्रिय ढंगाचं संगीत हवं होतं. हर्मनने व्हायोलिन बाजूला ठेवून 12 बासऱ्या, 16 हॉर्न आणि 9 ट्रॉम्बोन मांडले. जिथे संगीत नको असं हिचकॉकने सांगितलं होतं, त्या खुनाच्या प्रसंगालाही त्याने संगीत दिलं. हिचकॉकने ध्वनिमुद्रण थांबवलं आणि काम जॉन अॅडिसनकडे सोपवलं. ज्या हट्टाने 'सायको' घडला, त्याच हट्टाने ही जोडी फुटली.

अखेरचं पर्व

हर्मनचा स्वभाव तापट होता, त्यामुळे माणसं दुरावली. मोठ्या कष्टाने लिहिलेला 'वदरिंग हाइट्स' हा ऑपेरा त्याच्या हयातीत रंगमंचावर आला नाही. पण हॉलिवूडने पाठ फिरवली, तेव्हा नव्या पिढीने त्याला शोधून काढलं. फ्रान्सच्या त्रुफोने 'फॅरनहाइट 451'साठी त्याला बोलावलं, पुढे ब्रायन द पाल्मा आणि मार्टिन स्कॉर्सेसी आले. 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये त्याने रात्रीच्या न्यूयॉर्कसाठी एकाकी सॅक्सोफोन आणि धमकावणारे ड्रम समोरासमोर उभे केले. चित्रपटाच्या अगदी शेवटी 'सायको'तला तीन स्वरांचा वेडाचा तुकडा पुन्हा उमटतो. नायक बरा झालेला नाही, हे प्रेक्षकाला त्यातून कळतं.

23 डिसेंबर 1975 रोजी या संगीताचं ध्वनिमुद्रण संपलं आणि त्याच रात्री, 24 तारीख उजाडण्यापूर्वी, झोपेत हर्मनचं निधन झालं. 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'ऑब्सेशन' या दोन चित्रपटांसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर नामांकनं मिळाली. 'व्हर्टिगो' आणि 'सायको'ला मात्र संगीताचं साधं नामांकनही मिळालं नव्हतं. पुरस्कारांच्या याद्यांवरून कलेचा इतिहास लिहू नये, हे सांगायला एवढा एक दाखला पुरेसा आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत 'व्हर्टिगो' किंवा 'सायको' जरूर पाहा. पाहिलेला असेल तर पुन्हा पाहा. कथा ठाऊक असल्याने डोळ्यांना थोडी उसंत मिळेल, ती कानांना द्या. सिनेमा किती ऐकण्यासारखा असतो, हे हर्मनइतकं स्पष्टपणे फार थोड्यांनी दाखवून दिलं आहे.