चिरकारी स्वादुपिंडदाहाचे विरळ उपद्रव : निदान व उपचार

चिरकारी स्वादुपिंडदाह म्हटला म्हणजे उदरशूल, स्निग्ध मल आणि मधुमेह ही त्रयी विद्यार्थ्यास आठवते. परंतु या व्याधीचे काही उपद्रव इतके निराळे रूप धारण करतात की, मूळ रोगाची शंकाही येत नाही. त्यांपैकी जलोदर हा शिरूर व दौंड या तालुक्यांत काम करणाऱ्या चिकित्सकाने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे.

पोट फुगलेला, कृश रुग्ण समोर आला की क्षय किंवा मद्यजन्य यकृतकाठिण्य यांकडेच प्रथम लक्ष जाते. स्वादुपिंडाची वाहिनी फुटून अथवा आभासी कोष्ठ पाझरून पाचक रस उदरपोकळीत उतरला तरी चित्र तसेच दिसते. शूल पुष्कळदा नसतोच. निर्णय होतो तो द्रवाच्या परीक्षेने. यकृतकाठिण्यात द्रवातील प्रथिने बहुधा अल्प असतात. क्षयात व स्वादुपिंडजन्य जलोदरात ती अधिक असतात. म्हणून प्रथिनांवरून या दोहोंतील भेद कळत नाही. ॲमिलेज मात्र स्वादुपिंडजन्य द्रवात दर लिटरला १,००० एककांहून, कित्येकदा त्याच्या अनेक पटींनी, अधिक असते. ही तपासणी राहून गेल्यास रुग्ण सहा महिने क्षयाची औषधे घेतो आणि कुपोषणाने खचत जातो. वाहिनी मागील बाजूस फुटल्यास रस छातीत चढून फुप्फुसावरणात, बहुधा डावीकडे, साचतो. तेथेही हीच परीक्षा उपयोगी पडते.

उपचारात द्रव काढणे, लहान आतड्यात नळीने पोषण देणे व ऑक्ट्रिओटाइड यांनी आरंभ करतात. चुंबकीय प्रतिमेने फुटीचे स्थान ठरवून दुर्बिणीद्वारे वाहिनीत नलिका बसवितात. एवढ्याने न भागल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

दुसरा उपद्रव रक्तस्रावाचा. पाचक रसाने प्लीहेची रोहिणी झिजून तिला आभासी फुगा येतो व रक्त स्वादुपिंडवाहिनीतून आतड्यात उतरते. थांबून थांबून होणारा काळा मल, त्यासोबत शूल आणि जठराच्या दुर्बीण-तपासणीत न सापडणारा उगम ही त्याची खूण. अशा वेळी सी. टी. रोहिणीचित्रण करून तारेच्या वेटोळ्यांनी रोहिणी बंद करतात. हा फुगा न ओळखता शेजारच्या कोष्ठाचा निचरा करणे प्राणघातक ठरू शकते. याउलट यकृत निरोगी असून केवळ जठराच्या शिखरभागी नीला फुगलेल्या दिसल्यास प्लीहानीलेत गुठळी झाल्याचा संशय घ्यावा. त्यांतून रक्तस्राव होत असल्यास प्लीहा काढल्याने तो बहुधा कायमचा थांबतो.

यांतील नलिका बसविणे व रोहिणी बंद करणे ही कामे पुण्यासारख्या मोठ्या केंद्रीच व्हावयाची. तथापि द्रवाचा नमुना घेऊन ॲमिलेजची तपासणी सांगणे आणि साध्या क्ष-किरणचित्रात स्वादुपिंडातील खडे शोधणे हे तालुक्याच्या ठिकाणीही साधते. रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा या पहिल्या पावलावरच ठरते.